वाडीहून खंडेराव मार्केटला

मावशीच्या घरात रताळू म्हणजे कोनफळ. आपलं रताळं तिथं शक्करिया होतं. आठ-नऊ वर्षांची असताना मी पहिल्यांदा बडोद्याला, वाडीत तिच्याकडे राहायला गेले होते. "टोपलीतलं रताळू आण गं," असं तिनं सांगितलं आणि मी रताळं नेऊन दिलं. तिनं दोन्ही कंद माझ्या दोन तळव्यांवर ठेवले. "हे तुझ्या पुण्याचं, हे आमच्या बडोद्याचं." एक गुलाबी, गुळगुळीत, दुसरं मातकट, केसाळ, वजनदार. मावशीनं सुरीनं त्याचा एक काप काढला तेव्हा आतून निघालेला जांभळा रंग मला अजून आठवतो.

यंदा उत्तरायणासाठी परत वाडीला गेले ते मुख्यतः बाजारासाठी. गेल्या वर्षी मी फ्लॉरेन्सला जाऊन आले होते. तिथली जुनी मंडई कशी नीट दुरुस्त केली आहे, हे मी मावशीला फोनवर सांगत होते. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमचं खंडेराव मार्केट बघितलंस का कधी? म्हणजे नीट?" बघितलं होतं, पण तिच्या पदराला धरून. नीट असं नव्हतंच बघितलं.

पुण्याहून रात्री निघालेली गाडी सकाळी वडोदऱ्याला पोचली. (बोलण्यात आम्ही सगळे बडोदाच म्हणतो. वडोदरा हे नाव फलकावर आणि तिकिटावर.) तारीख १३ जानेवारी, उद्या उत्तरायण. रिक्षातून उतरले तेव्हा वाडीत गच्च्यांवर पोरं आधीच चढलेली होती. मावशीचं घर जुनं आहे, लाकडी खांबांचं, ओसरीवर पितळी कड्यांचा झोपाळा. तिला आता जिना चढवत नाही, पण बाजार मात्र ती कुणावर सोपवत नाही. चहा झाला आणि तिनं दोन कापडी पिशव्या काढल्या. एक माझ्या हातात दिली.

"रिक्षा करूया ना?" मी म्हटलं.

"येताना. जाताना चालायचं. गेंडीगेटनं जाऊ, तुला पतंग बघायला मिळतील."

वाडी जुन्या शहराच्या दक्षिणेला, गेंडी दरवाज्याच्या बाहेर. तटबंदी गेली, दरवाजे राहिले. उत्तरेला चांपानेर, पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहेरीपुरा आणि दक्षिणेला हा गेंडी. चारही रस्ते मधोमध मांडवीला येऊन मिळतात. उत्तरायणाच्या आधी गेंडीगेटचा रस्ता सगळा पतंगांचा होतो. दुकानांच्या फळ्यांवर, दोऱ्यांवर, छतांना टांगलेले पतंग, फिरक्या, आणि रस्त्याच्या कडेला खुंटांवर ताणलेला, गुलाबी रंगात माखलेला दोरा. मावशी माझा दंड धरून चालत होती आणि प्रत्येक दुकानापाशी थबकत होती. नातवंडं परदेशात आहेत, पतंग कुणासाठी घ्यायचा नव्हता. तरी तिनं पाच पतंगांची एक गड्डी घेतली. "शेजारची पोरं येतात," म्हणाली.

मांडवीपाशी आम्ही टेकलो. मांडवी म्हणजे मुळात जकातीची जागा. शहरात येणारा माल चारही दरवाज्यांनी इथवर येणार आणि इथं त्याची नोंद होणार. म्हणजे हे शहर मधोमध एका बाजारी मांडवाभोवती उभं राहिलेलं आहे. गायकवाडांनी १७३४ मध्ये बडोदं कायमचं घेतलं आणि त्यांच्यामागून दक्षिणेतली माणसं इथं आली. शिलेदार, कारकून, भिक्षुक, आचारी. त्यांच्या बायकांनी पहिल्या दिवशी बाजारात जाऊन काय मागितलं असेल, याचा मी नेहमी विचार करते. दोडका मागितला असेल आणि बाईनं तुरिया दिलं असेल. घोसाळी मागितली तर गलका. राज्य करायला आलेल्या लोकांनासुद्धा संध्याकाळच्या भाजीसाठी समोरच्या माणसाची भाषा शिकावीच लागली असणार.

लहेरीपुरा दरवाज्यातून बाहेर पडलं की न्यायमंदिर. १८९६ सालची ही भव्य इमारत, समोर थोड्या अंतरावर सूरसागर तलाव. ती मुळात भाजीमंडई म्हणून योजली होती, असं बडोद्यात सांगतात. मग इतकी देखणी उठली की तिथं न्यायालय बसलं आणि तिला महाराणी चिमणाबाईंचं नाव मिळालं. २०१८ मध्ये न्यायालय नव्या जागेत गेलं. तेव्हापासून तिथं शहराचं संग्रहालय करण्याचं बोलणं चालू आहे. मावशीच्या यजमानांची, म्हणजे आमच्या काकांची, उभी हयात त्या इमारतीत कागद लिहिण्यात गेली. तिनं जाता जाता तिकडे बघून हात जोडले. मी काही विचारलं नाही.

तिथून राजमहाल रोडनं थोडं पुढे गेलं की खंडेराव मार्केट.

आधी दिसतो तो लांबच लांब दर्शनी भाग, कमानींमागून कमानी, वर घुमट्या, मधोमध उंच प्रवेशद्वार. पहिल्यांदा येणाऱ्याला हा राजवाडाच वाटावा. सयाजीराव महाराजांनी १९०६ च्या सुमारास हे मार्केट उभारलं आणि त्याला खंडेराव महाराजांचं नाव दिलं. सयाजीराव जन्माचे कवळाण्याचे, मालेगावजवळच्या शेतकरी घरातले. १८७५ मध्ये जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं, आणि जमनाबाई खंडेरावांची राणी. म्हणजे नात्यानं हे वडिलांचं नाव. ज्या खंडेरावांनी १८६२ साली डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची वाट घातली आणि सुरुवातीला त्या रुळांवरचे डबे बैलांकडून ओढवले, त्यांचं नाव भाजीबाजाराला लाभावं हे मला फार बरोबर वाटतं. माल शेतातून माणसापर्यंत पोचला पाहिजे, हाच तर त्या रुळांचाही हेतू.

दर्शनी इमारतीत आज महानगरपालिकेची मुख्य कचेरी आहे. मागे भाजी, फळं, फुलं. ही रचना मला फार आवडली. घरपट्टीचा, पाण्याचा, गटाराचा अर्ज घेऊन आलेला माणूस कचेरीतून बाहेर पडला की सरळ मेथीच्या जुड्यांपाशी येतो. अर्जाचं काहीही होवो, घरी जाताना हातात कोथिंबीर असते. आणि वर खुर्चीत बसणाऱ्यांना खाली शहर आज काय खातंय आणि काय भावानं, याचा आवाज येत राहतो.

कमानीतून आत गेलो. थंडीतला गुजरातचा भाजीबाजार ज्यानं पाहिला नाही त्याला हिरव्या रंगाच्या छटा ठाऊक नाहीत, असं मी म्हणेन. लीलं लसूण, म्हणजे पातीसकट कोवळा लसूण, मुळाशी जांभळट आणि टोकाला गर्द. तुरीच्या ओल्या शेंगा. पापडी, चपटी, आतल्या दाण्यांनी जागोजागी फुगलेली. मुळ्याच्या जांभळ्या शेंगा, त्यांना इथं मोगरी म्हणतात. ओली हळद दोन प्रकारची, केशरी आणि पांढरी. पांढरी ती आंबेहळद. दोन्हींचे बारीक काप करून लिंबू-मिठात मुरवायचे आणि हिवाळाभर जेवताना पानात घ्यायचे. छोटी काटेरी वांगी, त्यांचं नाव रवैया. आणि सगळ्यांच्या खाली पोत्यावर, मातीसकट, कोनफळांचा ढीग.

मावशी थेट एका बाईपाशी गेली. चाळीस वर्षांची ओळख. आधी ह्या बाईची सासू बसायची, आता ही. "आवो, मासी," म्हणत तिनं पोतं सारून मावशीला बसायला जागा केली. आई-मुलीचं असावं तसं बोलणं सुरू झालं, अर्धं गुजराती, अर्धं मराठी, आणि दोघींपैकी कुणालाही आपण भाषा बदलतोय याचं भान नव्हतं. मावशी पापडीची शेंग मोडायची, नाकाशी न्यायची, बाजूला टाकायची. "रेसा बहु छे," म्हणायची, म्हणजे दोर फार आहेत. बाई खालच्या टोपलीतून दुसरी काढायची. कोनफळ घेताना मावशीनं नखानं साल खरवडली. आतला जांभळा रंग दिसल्यावर मान हलवली. घासाघीस झालीच नाही. वजन झाल्यावर बाईनं मूठभर कोथिंबीर आणि चार हिरव्या मिरच्या पिशवीत टाकल्या, न मागता.

"ही माझी बहिणीची मुलगी. पुण्याची," मावशीनं सांगितलं.

"पुनामां रताळु मळे?" बाईनं मला विचारलं.

मिळतं, म्हटलं. पण आम्ही त्याला कोनफळ म्हणतो. "कोनफळ," तिनं उच्चारून पाहिलं, आणि शेजारच्या बाईला सांगितलं. शेजारचीनंही उच्चारून पाहिलं.

तिथं पोत्याशेजारी उभी असताना मला फ्लॉरेन्स आठवलं. सान लोरेंत्सो भागातली ती मंडई जुझेप्पे मेंगोनी या वास्तुविशारदानं बांधली, लोखंड आणि काचेची, १८७४ ची. मिलानचा प्रसिद्ध छतबंद बाजाररस्ताही त्याचाच. १८७७ च्या डिसेंबरात त्या कामावरच्या परांचीवर चढून गेला असताना वरून पडून त्याचा मृत्यू झाला. फ्लॉरेन्सची खरी जुनी मंडई शहराच्या मधोमध होती. ती पुढच्या काही वर्षांत पाडून तिथं मोठा चौक केला गेला. मेंगोनीची मात्र टिकली. २०१४ मध्ये तिचा वरचा मजला नव्यानं सुरू झाला, सगळा खाण्यापिण्याचा. काम अतिशय सुरेख केलंय. लोखंडी कमानी स्वच्छ, काचेतून उतरणारा प्रकाश मऊ, बसायला लांब बाकं. मी तिथं दोन तास बसले आणि आनंदानं जेवले. पण वर कुणाच्या हातात पिशवी नव्हती. मग खाली गेले. खाली खाटीक, चीजवाले, भाजीवाले. एक म्हातारी चाकांची पिशवी ओढत आर्टिचोकच्या गड्ड्यापाशी आली, एक पाकळी वाकवून पाहिली, ती कट्कन मोडली तेव्हा तिनं मान हलवली. मावशीचीच मान ती. मी बडोद्याला फोन केला तो त्याच दिवशी, पण दुरुस्तीबद्दल बोलत राहिले आणि त्या म्हातारीबद्दल सांगायचंच राहिलं.

मग आता पोत्यावर बसलेल्या मावशीला ते सांगितलं. तिनं विचारलं, "आर्टिचोक म्हणजे काय?" मी फोनवर चित्र दाखवलं. भाजीवाल्या बाईनंही वाकून पाहिलं. "कमळ जेवुं," म्हणाली. कमळासारखं.

मावशीनं मला एक गोष्ट सांगितली. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलची फरशी व्हेनिसच्या कारागिरीची आहे, आणि फेलिची नावाचा इटालियन शिल्पकार सयाजीरावांनी इथं आणून ठेवला होता. त्याची शिल्पं राजवाड्यात आहेत. "इटलीतून जे आणायचं ते महाराजांनी आणलं," ती म्हणाली. "भाजी इथलीच."

माझ्या पुण्याच्या मंडईचंही मनात आलं. ती १८८६ ची. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर लावा म्हणून. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव मिळालं. मंडईत मी अजूनही जाते, पण गेली काही वर्षं कमी. घरी बसल्या फोनवरून भाजी येते, धुतलेली, निवडलेली. मावशीला हे सांगायला मला जड गेलं. तिनं विचारलं नाही, म्हणून सांगितलंही नाही.

फुलांच्या बाजूला गेलो. उद्यासाठी झेंडूच्या माळा. मावशीनं दोन घेतल्या, एक देवाला, एक काकांच्या तसबिरीला. बाहेर पडून आम्ही सेव-उसळ खाल्ली. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर जाड सेव, चिरलेली कांद्याची पात आणि वेगळ्या भांड्यात लाल तरी, हवी तितकी घ्या. आपल्या मिसळीचीच ही बहीण. पण फरसाणाच्या जागी एकटी शेव आणि सोबत पाव, त्यामुळे चव सुटसुटीत. 'तरी' या शब्दासाठी मात्र इथं मला कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही.

येताना रिक्षा. दोन पिशव्या, झेंडूच्या माळा, पतंगांची गड्डी, आणि मधे मावशी.

दुपारी ओसरीवर बसून उंधियोची तयारी. मी झोपाळ्यावर, मावशी पाटावर. पापडीचे दोर दोन्ही बाजूंनी काढायचे आणि शेंग मधून फाडायची, पण दाणे आतच राहू द्यायचे. हे मला तीनदा दाखवावं लागलं. मेथीची मुठियां तिनं स्वतः वळली. लसूण, ओलं खोबरं, कोथिंबीर, तीळ हे वाटण वांग्यात आणि बटाट्यात भरायचं काम माझं. कच्ची केळी, शक्करिया. सगळ्यात शेवटी कोनफळ. हाताला खाज येऊ नये म्हणून मावशीनं माझ्या तळव्यांना तेल चोळलं, आठ-नऊ वर्षांच्या मुलीला चोळावं तसं, आणि सुरी दिली.

वरच्या गच्चीतून पोरं ओरडत होती. कुणाचा तरी पतंग कापला गेला होता. एक मुलगा धापा टाकत जिना उतरून आला आणि मावशीकडे पतंग मागितला. तिनं गड्डीतला एक काढून दिला.

"रताळू नीट चौकोनी काप," ती मला म्हणाली. "बारीक केलंस तर विरघळेल."