नकाशावरची रेघ

रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी सेमिस्टरचे पेपर तपासत बसलो होतो. पलीकडे माझा एक जुना विद्यार्थी होता. हल्ली तो एका सर्व्हेअरच्या हाताखाली नकाशे काढायचं काम करतो. ‘‘सर, तुमचं ओढ्याकडंचं शेत अजून तुमच्याच नावावर हाय न्हवं?’’ त्यानं विचारलं. मी हो म्हणताच तो जरा थांबला. ‘‘नव्या मास्टर प्लॅनमध्ये त्यातनं रस्ता दाखवलाय. हरकत घालायची तर लवकर घाला. दिवस थोडेच राहिलेत.’’

ही गोष्ट डिसेंबर २०२२ मधली. हरकतीची मुदत ६० दिवसांची होती आणि त्यातले ४१ दिवस उलटून गेले होते.

आमचं शेत २८ गुंठ्यांचं. पावसाळ्यात भात, आणि भात निघालं की राहिलेल्या ओलीवर मसूर. या शेतानं आम्हाला श्रीमंत केलं नाही. पण माझी एम. ए. ची फी आणि धाकट्या बहिणीचं लग्न यांत त्याचा वाटा आहे. उत्तरेला ओढा, दक्षिणेला जुनी गाडीवाट आणि वाटेपलीकडे अण्णांचं ३१ गुंठ्यांचं रान. अण्णा घरात कन्नड बोलतात, आम्ही मराठी. बाबा आणि अण्णा गेली चाळीस वर्षं बांधावर बसून गप्पा मारतात. सुरुवात दोघं आपापल्या भाषेत करतात आणि बोलता बोलता कधी भाषांची अदलाबदल होते, ते त्यांनाही कळत नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच चित्र असेल.

दुसऱ्या दिवशी पहिला तास संपवून मी नियोजन प्राधिकरणाच्या कार्यालयात गेलो. भिंतीवर भलामोठा रंगीत नकाशा लावलेला होता. पिवळा रंग निवासी भागाचा, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, लाल सार्वजनिक इमारतींचा, हिरवा उद्यानांचा. आपलं शेत त्या रंगांत शोधायला मला अर्धा तास लागला. शेवटी ओढ्याची निळी रेघ धरून बोट पुढे नेत गेलो, तेव्हा आमचा सर्व्हे नंबर सापडला. त्याच्या मधोमध १८ मीटर रुंदीच्या रस्त्याच्या दोन समांतर रेघा होत्या. आमची विहीर नकाशात नव्हतीच. विहिरीच्या जागेवरूनच रस्ता गेला होता. काढणाऱ्यानं ती रेघ पट्टी ठेवून ओढली असणार. त्याच्या दृष्टीनं तिथं मोकळी जागा होती.

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. स्थानिक स्वराज्य संस्थांवर वर्षाला निदान दहा तास घेतो. कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा १९६१ चा आहे, त्याच्या कलम १३ प्रमाणे आराखड्याची सूचना राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांत कुणीही नागरिक लेखी म्हणणं मांडू शकतो, प्राधिकरणाला त्याचा विचार करून मग आराखडा सरकारकडे परत पाठवावा लागतो, हे सगळं मला माहीत होतं. पण आमच्याच गावाची सूचना कधी निघाली, ते माहीत नव्हतं. आमच्या घरी दोन वर्तमानपत्रं येतात, एक मराठी आणि एक कन्नड. कन्नड पेपर माझ्या बायकोचा. तिचं माहेर गोकाकचं. ती जाहिरात त्या पेपरात आली होती, आणि रद्दीत शोधली तेव्हा सापडलीही. ‘आक्षेपणे मत्तु सलहे’ म्हणजे हरकती व सूचना मागवणाऱ्या त्या चौकटीवर तेलाचा डाग होता. त्या पानावर कधीतरी आम्ही भजी काढून ठेवली होती.

त्या रात्री मी हरकतीचा मसुदा लिहिला. स्वच्छ, मुद्देसूद, प्राध्यापकी. शेवटी मागणी लिहिली, की प्रस्तावित रस्ता गाडीवाटेच्या दक्षिणेला सरकवावा. सकाळी बाबांना वाचून दाखवला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

‘‘दक्षिणेला कोण हाय?’’

मी गप्प बसलो.

‘‘आण्णा हाय तिथं. त्याला इचारलास?’’

खरं सांगतो, लिहिताना मला अण्णा आठवलेच नव्हते असं नाही. आठवले होते. पण सर्व्हे नंबर लिहिला की माणूस दिसेनासा होतो, याचा मला त्या रात्री फायदाच झाला होता. ज्यानं आमच्या विहिरीवरून रेघ ओढली त्याला मी दोन दिवस मनातल्या मनात शिव्या देत होतो, आणि मीही तेच करायला निघालो होतो.

संध्याकाळी आम्ही अण्णांच्या कट्ट्यावर गेलो. माझा मसुदा काय होता, तेही मी सांगून टाकलं. अण्णा रागावले नाहीत. ‘‘नम्म होलदागिंद होद्रू अष्ट, निम्म होलदागिंद होद्रू अष्ट,’’ एवढंच म्हणाले. तुमच्या रानातनं गेला काय आणि आमच्या रानातनं गेला काय, सारखंच. मग त्यांनी काठीनं मातीत ओढा काढला, वाट काढली आणि विचारलं, ‘‘मास्तर, त्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?’’

ऑगस्ट २०१९ चा पूर या भागात कुणी विसरलेलं नाही. आमच्या ओढ्याचं पाणी विहिरीच्या पुढे वीस पावलं आलं होतं आणि आठवडाभर भात पाण्यात होतं. गाडीवाट मात्र उंचावर असल्यामुळे कोरडी राहिली होती. नकाशातला रस्ता बांधायचा तर आमच्या रानात भराव घालावा लागणार, आणि त्या भरावानं अडलेलं पाणी वरच्या वस्तीत शिरणार. म्हणजे रस्ता वाटेवरच न्यावा, हा दोघांच्या सोयीपेक्षाही पाण्याचा मुद्दा होता. वाट जुन्या गाव नकाशात होतीच. दोन्ही बाजूंनी थोडी थोडी जमीन गेली असती, पण विहीर वाचली असती आणि अण्णांचं रानही.

पुढचे पंधरा दिवस धावपळीत गेले. भूमापन कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढली. दोघांचे उतारे काढले. पुराच्या वेळी माझ्या मुलीनं मोबाईलवर काढलेले फोटो तारखेसकट छापून घेतले. विहिरीची नोंद उताऱ्यात होती, ती अधोरेखित केली. या सगळ्यातून मला एक गोष्ट शिकायला मिळाली. ‘आमच्यावर अन्याय झाला’ असं लिहिलेल्या अर्जाला उत्तर देणं अधिकाऱ्याला सोपं असतं. ‘तुमच्या नकाशात ही विहीर नाही आणि तुमच्याच खात्याच्या उताऱ्यात ती आहे’ या वाक्याला उत्तर देणं अवघड जातं.

प्रश्न राहिला भाषेचा. बाबांचं म्हणणं, अर्ज मराठीतच जाणार. राज्यघटनेचं ३५० वं कलम मी दरवर्षी शिकवतो. गाऱ्हाणं मांडायचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देण्याचा हक्क त्यानं प्रत्येकाला दिला आहे. तो हक्क सोडायचा नाही, हे मलाही पटत होतं. बायको म्हणाली, ‘‘हक्क आहेच. पण टेबलावरच्या माणसानं तो वाचायला नको का?’’ मग तिनं शांतपणे बसून सगळा अर्ज कन्नडमध्ये उतरवला. माझ्या तीन पानांची तिनं दीड पानं केली आणि तरी काही राहून गेलं नाही. शेवटी दोन्ही प्रती एकत्र जोडल्या. कन्नड मजकुराखाली बाबांची मराठी सही आणि मराठी मजकुराखाली अण्णांची कन्नड सही. अंगठा लावून सही सुकवावी तसं दोघंही कागदावर फुंकर घालत होते. ५७ व्या दिवशी अर्ज दिला आणि पोच म्हणून शिक्का मारलेली प्रत घेतली. ही पोच घ्यायला कधी विसरू नका. पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून असतं.

वकिली करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला मी विचारलं होतं, नाहीच ऐकलं तर कोर्टात जाता येईल का? त्यानं मला बंगळूरचा एक जुना खटला वाचायला दिला. राजमहाल विलास विस्तारात उद्यानासाठी राखून ठेवलेली जागा एका खासगी ट्रस्टला रुग्णालयासाठी देण्यात आली होती. आजूबाजूचे रहिवासी उच्च न्यायालयात गेले. आधी एका न्यायाधीशांपुढे हरले, खंडपीठापुढे जिंकले, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्याच बाजूनं निकाल दिला. ‘बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा’ हा तो खटला. उद्यान ज्यांच्यासाठी राखलं, त्या रहिवाशांना ते वाचवण्यासाठी दाद मागता येते, हे त्यातून ठरून गेलं. वाचून मला हुरूप आला. पण विद्यार्थी म्हणाला, ‘‘सर, कोर्ट तुमच्यासाठी नवा नकाशा काढत नाही. कायद्यात सांगितलेली पद्धत पाळली का, तुमचं म्हणणं विचारात घेतलं का, हे ते बघतं. म्हणणंच मांडलं नसेल तर बघणार काय?’’ धारवाडला २००८ पासून उच्च न्यायालयाचं पीठ आहे, त्यामुळे बंगळूरच्या खेपा वाचल्या. तरी ६० दिवसांत दिलेल्या दीड पानाची किंमत नंतरच्या शंभर पानांना येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

आम्हाला म्हणणं मांडायला बोलावलं. अधिकारी तरुण होते. त्यांनी फोटो बघितले, गाव नकाशा आपल्या नकाशाशेजारी ठेवला आणि अण्णांना विचारलं, ‘‘वाटेवर रस्ता आला तर तुमचीही जमीन जाते, तुमची संमती आहे?’’ अण्णा हो म्हणाले. बाबांनाही तेच विचारलं. दहा मिनिटांत आम्ही बाहेर आलो.

मंजूर नकाशा पुढं दीड वर्षानं लागला. रस्ता गाडीवाटेवर आला होता. आमचे आणि अण्णांचे तीन-तीन गुंठे त्यात जाणार होते. विहीर वाचली. त्या दिवशी अण्णांच्या घरी होळिगे झाल्या आणि बाबांनी चार खाल्ल्या.

इथं लेख संपला असता तर बरं झालं असतं. पण २०२४ च्या गणपतीत गोव्याहून एकजण घरी आला. तो म्हापशाकडे कामाला असतो. आमच्या रानाच्या पश्चिमेला, गाडीवाट जिथं वळते तिथं, त्याचे सहा गुंठे आहेत. घर बांधायचं म्हणून राखलेले. पहिल्या नकाशात रस्ता सरळ जात होता आणि त्याची जागा सुटत होती. वाटेवर आणल्यावर रस्ता वळला, आणि ते वळण त्याच्या चार गुंठ्यांवरून गेलं. आमच्या शेतातून मातीत काठीनं रेघ ओढताना ती पुढं कुठं जाते, हे आमच्यापैकी कुणी बघितलंच नव्हतं. तो भांडला नाही. ‘‘एक फोन केला असता तर मी आलो असतो,’’ एवढंच म्हणाला. बाबा त्याच्याकडे बघत बसले. तो गेल्यावर म्हणाले, ‘‘आण्णाला इचारायची अक्कल सुचली. ह्याला इचारायची न्हाई सुचली.’’

आता आम्ही तिघं मिळून त्याचं प्रकरण बघतो आहोत. आधीच्या नकाशात नसलेली गोष्ट त्याला न विचारता नंतर आली, हा त्याचा मुद्दा आहे. तो घेऊन आम्ही धारवाडच्या वकिलांकडे गेलो. वळण थोडं आमच्या कोपऱ्यातून घेतलं तर त्याचे दोन गुंठे सुटतात, असं लिहून बाबांनी आणि अण्णांनी त्याखाली सह्या केल्या. काय होईल ते आज सांगता येत नाही. रस्ता अजून झालेला नाही. त्या जागेवर गवत आहे.

आराखडा मंजूर झाला म्हणजे सगळं संपलं, असंही नसतं. एखाद्या जागेचा ठरलेला वापर बदलायचा प्रस्ताव आला, तर कलम १४-अ प्रमाणे त्या भागात खपणाऱ्या दैनिकात जाहिरात देऊन लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. आराखड्याची फेरतपासणीही दर दहा वर्षांनी व्हायची असते. तेव्हा घरात येणाऱ्या दोन्ही पेपरांतल्या छोट्या चौकटी वाचत चला. घरात कुणाला कन्नड चांगलं येत असेल तर त्याच्याकडून वाचून घ्या. आणि वाचलेलं शेजाऱ्याला सांगा, तो गावात नसला तर फोन करून सांगा.

आमच्या घरी आता सकाळच्या चहाला बायको कन्नड पेपरातल्या सूचना मोठ्यानं वाचते. सर्व्हे नंबर आला की बाबा कान टवकारतात. ‘‘आपला न्हाई न्हवं?’’ म्हणतात. नाही म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘‘मग कुणाचा हाय, ते बघा की.’’