मापाचं

यंदा जयंतीच्या आधी सास्तूरच्या पोरांचा फोन आला. ‘ताई, पुण्यातनं जुने कपडे गोळा करून पाठवा. वस्तीत वाटायचेत. तुमी फॅशनच्या धंद्यात हाव, तुमच्याकडं लई पडलेले असतील.’ मी सांगितलं, पाठवणार नाही. पोरं गप्प झाली. मग मागनं एकजण हळूच बोलला, ‘ताई आता लई मोठ्या झाल्यात.’ फोन स्पीकरवर होता. मला ऐकू आलं.

त्या पोराला उत्तर द्यायचं म्हणून हे लिहिते. तो चांगला कार्यकर्ता आहे. रात्री अभ्यासिका उघडी ठेवतो, दारूवाल्याशी भांडतो. त्याच्यावर राग नाही. पण जुन्या कपड्यांचं प्रकरण त्याला वाटतं तेवढं सोपं नाही. आणि तो जन्मायच्या आधी आमच्या गावात ते एकदा घडून गेलंय.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती बुडवून गाव झोपलेलं. तेव्हा सास्तूर उमरगा तालुक्यात होतं, जिल्हा उस्मानाबाद. लोहारा तालुका नंतर झाला, धाराशिव हे नाव २०२३ साली. जमीन हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती, त्यांच्यावरची माळवदं, सगळं झोपलेल्या माणसांवर बसलं. लातूर-उस्मानाबाद मिळून आठ हजारांच्या आसपास माणूस गेलं, ही सरकारी मोजणी. किल्लारीचं नाव जगाला कळलं, सास्तूरचं कमी कळलं.

मी तिसरीत होते. आमचं घर कुडाचं, वर पत्रा. म्हणून मी हे लिहायला आहे. गरिबीनं एवढं एकदाच वाचवलं, त्याचं कौतुक नको.

मग मदत आली. जवान आले, डॉक्टर आले, भाकरीच्या चवडी आल्या. त्या माणसांचं ऋण आहे, ते नाकारत नाही. पण त्याच्या मागोमाग कपड्यांचे ट्रक आले. ट्रकवर फडकं बांधलेलं – भूकंपग्रस्तांसाठी. ट्रक थांबायचा, मागचं फळकूट पडायचं आणि कपडे खाली ढकलायचे, ऊस उतरवतात तसे. वर पाऊस. खाली चिखल. त्या ढिगात काय नव्हतं? शहरातल्या पोरींचे बिनबाह्यांचे झगे. गळ्यातले टाय. एकाच पायाचे मोजे. कुणाच्या तरी लग्नातला कोट. मळक्या परकरांच्या गुंडाळ्या. आणि शर्ट – पुष्कळ शर्ट, गुंड्या काढून घेतलेले. हे मला तेव्हा दिसलं नाही, पुढं शिवणकाम शिकल्यावर आठवलं आणि अंगावर काटा आला. शर्ट देणाऱ्यानं द्यायच्या आधी निवांत बसून एकेक गुंडी कातरली होती. सात गुंड्या. तेवढा वेळ होता त्याला.

माझा बाप ढिगाकडं गेला नाही. त्याच्या अंगावर पहाटे होती तीच बंडी आठ दिवस होती. माय म्हणाली, ‘जावा की, सारं गाव निवडायलंय.’ बाप म्हणाला, ‘बापाच्या टायमाला मढ्यावरचं घेत होताव. ते सुटलं. आता जित्याच्या अंगावरनं उतरलेलं घ्यायचं व्हय?’

माझ्या आज्याला येसकरकी होती. गावात कुणी मेलं की सांगावा घेऊन दहा कोस चालायचं आणि सरणाजवळ प्रेतावरचं कापड गोळा करायचं. तो त्याचा हक्क! तेच धुवून घरात अंथरायचं, तेच नेसायचं. हा रिवाज काही सास्तूरच्या पाटलानं काढलेला नव्हे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहून ठेवलंय, चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं वापरावीत. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला हे पुस्तक जाळलं. आपण भाषणात पाण्याचं सांगतो, देवळाचं सांगतो. कपड्याचा कायदाही त्याच आगीत गेला हे सांगायचं राहून जातं. त्याच दिवसांत तिथंच बाबासाहेब जमलेल्या बायांशी बोलले. काय बोलले? तर लुगडं वर खोचून नेसू नका, घोळदार नेसा. हातापायांत गोटपाटल्यांचं ओझं घालू नका, ती जातीची खूण आहे. फाटकं असलं तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या. आणि बायांनी तिथल्या तिथं नेसण बदललं. लुगड्याची लांबी किती, निरी कुठं, अंगावर दागिना किती. मी पुढं पैसे भरून ज्या वर्गात बसले तिथं ह्याच गोष्टी शिकवत होते.

बाप झोपल्यावर माय ढिगाकडं गेली आणि तो लग्नातला कोट घेऊन आली. काळा, लोकरीचा, भिजून दगडासारखा जड झालेला. दोन दिवस वाळवला. मग दाढीच्या ब्लेडचं अर्धुक घेऊन तिनं तो उसवायला घेतला. मी कंदील धरला. वरचं कापड निघालं, खाली अस्तर. अस्तराखाली करकरीत कॅनव्हास, खांद्यात कापसाची गादी, आणि छातीवर हातानं घातलेले बारीक तिरपे टाके, शेकड्यांनी. कोटाच्या पोटात दुसरा कोट असतो हे मला तेव्हा कळलं. मायनं अस्तराचं मला परकर-पोलकं केलं, वरच्या कापडाची बापाला बंडी केली. बापानं ती घातली. विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. तो कोट तिनं घेतला नव्हता, तिनं तो फाडून पुन्हा आमच्या मापाचा केला होता. बापाला ते कळत होतं असं मला आजही वाटतं.

पुढचं भराभर सांगते. गाव नव्या जागी उठलं. दहावीनंतर आयटीआयला कटिंग अँड सुइंग. त्या वर्गाला पोरी ‘लग्नाचा कोर्स’ म्हणायच्या. मग पुण्यात एका कारखान्यात कॉलरच्या टिपा मारल्या, दिवसाला तीनशे-साडेतीनशे कॉलरी, आणि त्या पगारातून संध्याकाळचा फॅशन डिझाईनचा डिप्लोमा.

ह्या डिप्लोमाच्या वर्गातली पोरं रविवारी जुन्या बाजारात जायची. मंगळवार पेठेच्या बाजूला बुधवारी आणि रविवारी तो भरायचा. नटबोल्ट, घड्याळं, मोडके पंखे, आणि कडेला कपड्यांचे ढीग. पहिल्यांदा ढीग बघितला आणि माझ्या पोटात कालवलं. सास्तूरचाच ढीग तो. पण इथं पोरी हसत होत्या, ओढाओढी करत होत्या, विरलेली जीन अंगाला लावून बघत होत्या. पाच मिनिटांनी मीपण वाकले.

तेव्हापासून वाकतेच आहे. जुना कपडा घ्यायचा तर आधी आतनं बघायचा. काख बघायची, कापड तिथं आधी कुजतं. कॉलरची घडी नखानं उलटायची. पँटीचा मधला जोड दोन्ही हातांनी ताणायचा. मग उजेडावर धरायचा, विरला असेल तर तारे दिसतात. आणि माया बघायची. शिंपी शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड सोडतो त्याला माया म्हणतात, माणूस अंगानं भरला तर सोडवून घ्यायला. कारखान्याच्या मालात माया नसते, ती वाचवण्यातच मालकाचा नफा. जुन्या, शिंप्याकडच्या कपड्यात बोटभर माया असते. असा एक कोट मिळाला की मी तो घरी नेऊन उसवते. मला कुठल्याही मास्तरानं जेवढं शिकवलं नाही तेवढं असल्या पंधरा-वीस कोटांनी शिकवलं.

हे ढीग येतात कुठनं, तेही आपल्या पोरांना माहीत पाहिजे. भांड्यावर जुने कपडे घेणारी बोहारीण सगळ्यांनी पाहिलीय. मुंबईत हे काम पिढ्यान्‌पिढ्या वाघरी बाया करतात. दारोदार फिरायचं, स्टीलच्या पातेल्यावर दोन साड्या की तीन यावर घासाघीस करायची, डोक्यावर गाठोडं घेऊन परत. मग निवडायचं, धुवायचं, सांधायचं, इस्त्री मारायची आणि अंधारात बाजारात बसायचं. फेकलेल्या कपड्याला पुन्हा किंमत आणतात त्या बाया, आणि डिझायनर म्हणून कोणी त्यांना ओळखत नाही. परदेशातलं जुनं कांडल्याच्या बंदरातनं येतं. त्यातलं पुष्कळसं पानिपतला जातं, तिथं ते फाडून, पिंजून त्याचं पुन्हा सूत करतात. त्या सुताची खरखरीत ब्लँकेटं होतात आणि कुठं पूर आला, भूकंप झाला की तीच वाटतात.

वर्गातली गोष्ट राहिली. जुन्या बाजारातला शर्ट घालून एक पोरगी आली, तर बाई म्हणाल्या, वा, काय नजर आहे! पुढच्या आठवड्यात मी त्याच ढिगातला शर्ट घालून गेले, खांदे उतरवून, कमरेत चिमटे घेऊन. बाईंनी विचारलं, ‘कुणी दिला?’

इथं माझं सगळं भांडण आहे. जुनं घालण्याचं मला काही वाटत नाही. आज माझं कपाट बघा, निम्मं जुनं. पण आपल्या अंगावरचा कपडा आपण निवडलाय हे समोरच्याला खरंच वाटत नाही. कुणीतरी दिलाच असणार.

काही शहाणे म्हणतात, फॅशन ही भांडवलदारांची चूष, चळवळीच्या पोरीनं वकील व्हावं, अधिकारी व्हावं. व्हावं ना. पण १९३६ सालचं ‘जातिप्रथेचं निर्मूलन’ पुन्हा काढून वाचा. त्यात बाबासाहेबांनी इंदूरकडच्या बलाईंची हकीकत दिलीय, १९२८ सालच्या वर्तमानपत्रातली. सवर्णांनी त्यांना फर्मान काढलं. जरीकाठी पागोटं बांधायचं नाही. रंगीत, नक्षीच्या काठाचं धोतर नेसायचं नाही. बायांनी सोनंचांदी घालायची नाही, नखऱ्याचे झगे-जाकिटं घालायची नाहीत. मान्य नसेल तर गाव सोडा. काठाच्या रंगावरनं माणसं गावाबाहेर काढणारांना फॅशन म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. आपल्यालाच ती चिल्लर वाटते.

आणि ज्याला ठाऊक आहे तो पैसे करतो. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा कंपनीच्या पोरांनी कोल्हापुरीसारख्या चपला घालून चालून दाखवलं. कोल्हापुरीला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेलं. आधी नाव घेतलं नाही, ओरड झाल्यावर घेतलं. चामडं कमावणारा ढोर, चप्पल बांधणारा चांभार, ह्यांचं नाव त्या ओरडीतही फार कुणी घेतलं नाही. उलट सुधीर राजभर ह्या माणसानं मुंबईत धारावीच्या कारागिरांना घेऊन पिशव्या काढल्या, वाया गेलेल्या रबराच्या, कारण २०१५ च्या कायद्यानं कातड्याचा धंदा मोडला होता. आणि छापाला नाव दिलं ‘चमार’. ज्या शब्दानं शिवी देतात तो शब्द लेबलावर.

एक गमतीचं सांगते. गावोगावच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यांचा कोट मी धंद्याच्या नजरेनं बघते. बहुतेकांचा खांदा चुकलेला असतो आणि कॉलर छातीवर बसत नाही. मूर्तिकारानं कोट कधी उसवून बघितलेला नसतो. आपल्यातलाच कुणी शिंपी त्याच्याशेजारी उभा पाहिजे होता.

तर पोरांनो, दोन पोती मी पाठवणार नाही. पण यायला तयार आहे. ढीग घालायचा नाही. दोरी बांधा, कपडे धुवून हँगरवर लटकवा. प्रत्येकाला दहा रुपये किंमत लावा, लहान पोरांचे पाच. चावडीतनं मोठा आरसा आणा, जुन्या साडीचा आडोसा करा, आत जाऊन बाईला घालून बघता आलं पाहिजे. नको असेल तर नको म्हणून परत टांगता आलं पाहिजे. मी माझी मशीन घेऊन बसते, खांदे-कंबर जागेवर मापात करून देते. जमलेले पैसे अभ्यासिकेला. हे सांगितलं तर पोरं आरशाला हसली. अजून हो म्हणालेली नाहीत.

वस्तीतली एक पोर बारावी झालीय, तिला डिझाईन करायचंय. बाप म्हणतो पोलीसभरती. तिला मी सरळ सांगितलंय. निफ्ट ही केंद्राची संस्था, १९८६ साली दिल्लीत निघाली, मुंबईतही आहे. आपल्या वर्गासाठी शंभरात पंधरा जागा. प्रवेशपरीक्षेला चित्र काढावं लागतं, वस्तू घडवून दाखवावी लागते. चार वर्षांची फी दहा लाखांच्या पुढं जाते, तेव्हा शिष्यवृत्तीचा कागद प्रवेशाच्या आधी हातात घ्यायचा, नंतर नाही. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेव. आणि ते नाही जमलं तर आयटीआय आहे, तिथनंही रस्ता जातो, मी त्याच रस्त्यानं आले.

रविवारी ती पुण्याला येतेय. येताना बापाचा एक जुना शर्ट आणायला सांगितलंय, फाटका असला तरी चालेल. दिवसभर फक्त उसवायचं आहे. ब्लेड माझ्याकडं आहे.