कादवे खिंडीपर्यंत

मंद्रूपला आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पंक्चर काढणं, छर्रे बदलणं, चाकाची आउट काढणं, पस्तीस वर्षं हेच करत आलो. एके काळी दुकानासमोर भाड्याच्या बारा सायकली असत, तासाच्या हिशेबानं जात. आता दोन उरल्यात, त्याही पोरांना शिकण्यापुरत्या. इतक्या सायकली हातांखालून गेल्या, पण मी स्वतः सायकलवर कधी लांब गेलो नाही. औज, निंबर्गी, फार तर वडकबाळच्या पुलापर्यंत. आमचा मुलूख सपाट. काळी जमीन, ऊस, तूर, बांधावर बाभळी. चढ म्हणजे पुलाचा तेवढा.

दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. गुडघ्यांमुळे चालणं जमेना, म्हणून फजरची नमाज झाली की सायकल काढू लागलो. विजापूर हायवेवर ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या, म्हणून औजच्या बाजूचा आतला रस्ता धरला. बंधाऱ्याजवळ थोडं बसायचं आणि परत फिरायचं. उजनीतून भीमेत पाणी सोडलं की काही दिवसांनी ते या बंधाऱ्यात पोहोचतं आणि सोलापूर शहराला प्यायला मिळतं. पलीकडचा काठ कर्नाटकाचा.

आमची थोरली मुलगी पुण्यात धायरीला राहते, नोकरी करते. तिला हे कळलं तेव्हा फोनवर म्हणाली, "अब्बा, तुमे एक बार इधर आव. गाडीयां नईं ऐसा रस्ता दिखाती."

ती सायकल चालवते हे मला माहीत होतं, पण त्या विषयावर आम्ही दोघं बोलत नव्हतो. का, ते पुढं सांगतो.

नोव्हेंबरात गेलो. तिनं ऑफिसातल्या मैत्रिणीच्या भावाची गिअरची सायकल माझ्यासाठी आणून ठेवली होती. मी सवयीनं आधी ब्रेकचे रबर बघितले, चेन बघितली, टायर अंगठ्यानं दाबून पाहिले. मागचा ब्रेक ढिला होता, तो आवळला. मुलगी बाजूला उभी राहून हसत होती. डोक्याला स्कार्फ, त्यावर हेल्मेट, सलवारीच्या पायचाला चेनीच्या बाजूनं क्लिप. माझ्या दुकानात पूर्वी पायजमेवाले लोक हीच क्लिप मागायचे.

मुद्दाम बुधवार निवडला होता. शनिवार-रविवारी खडकवासल्याच्या काठावर इतकी गर्दी होते की सायकल हातात धरून चालावं लागतं. फजर पढून अंधुक उजेडात निघालो. खडकवासल्याचं धरण मागं टाकलं, डोणजे फाटा आला. सिंहगडाला जाणारी वाहनं तिथं डावीकडं वळतात आणि त्यानंतर रस्ता एकदम मोकळा होतो. खानापूर गेलं की उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला डोंगर. कुठं भाताची कापणी, कुठं डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई. खडकवासल्यापासून पानशेत पंचवीसेक किलोमीटर आहे. आम्ही रमत गेलो, मध्ये एकदा चहा घेतला, माझा बिनसाखरेचा.

पानशेतला दोन धरणं शेजारी शेजारी आहेत. आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव. 12 जुलै 1961 रोजी, काम पूर्ण व्हायच्या आधीच पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याचं जुनं धरणही फोडलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आज तिथं उभं राहिलं तर पाणी इतकं शांत दिसतं की हे खरं वाटत नाही.

मुलगी म्हणाली, "अब्बा, ये अपनाच पानी है."

मला वाटलं गंमत करते. पण तिनं नीट सांगितलं. पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही तिन्ही धरणं खडकवासल्याला भरतात. चारही मिळून सुमारे 29 टीएमसी. त्यातून पुणं पाणी पितं, कालव्यानं दौंड-इंदापूरची शेती भिजते. पावसाळ्यात धरणं भरली की जादा पाणी मुठेत सोडतात. मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा उजनीत येते. उजनी 117 टीएमसीची. तिथून पंढरपूर करून ती आमच्या औजला येते आणि पुढं कुडलला सीनेला भेटते. म्हणजे ज्या बंधाऱ्यावर मी रोज सकाळी बसतो, त्याच्या पाण्यात या डोंगरांवर पडलेला पाऊसही असतो. शेजारच्या खोऱ्यातल्या मुळशीचं मात्र तसं नाही. ते पाणी टाटांच्या वीजघरासाठी डोंगर ओलांडून भिऱ्याला, कोकणात उतरतं. त्याच धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून 1921 साली मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात होते. धरण तरीही झालं. टंचाईच्या दिवसांत आमच्याकडं पाण्याच्या टँकरमागं पळणारी माणसं बघितल्यावर, पाणी कुठून कुठं जातं हे प्रत्येकाला माहीत हवं असं वाटतं.

पानशेतहून कादव्याकडं रस्ता चढू लागतो. पुढं खिंड ओलांडून तो वेल्ह्याकडं, तोरण्याच्या पायथ्याला उतरतो. इथं खरा चढ काय असतो ते कळलं. दोन्ही बाजूंना झाडी, ऐन, हिरडा, जांभूळ, खाली कारवीची दाटी. वळणामागून वळण, आणि पाखरांशिवाय आवाज नाही. अर्ध्या तासात एक दूधवाला आणि एक जीप, एवढीच वाहनं. मुलीनं सांगितलं, चढ यायच्या आधीच गिअर बदला, जोर पडल्यावर बदलला तर चेन अडकते. पस्तीस वर्षं सायकल दुरुस्त करणाऱ्याला मुलगी शिकवत होती, आणि बरोबर शिकवत होती. तरी दोन ठिकाणी दम लागला. मी उतरलो, ढकलत चाललो. तीही उतरली. तिला उतरायची गरज नव्हती.

खिंडीत पोहोचलो तेव्हा दुपार होत आली होती. खाली पानशेतचं पाणी झाडांतून चमकत होतं. जुहरची वेळ झाली. एका बाटलीत दोघांनी वुजू केला. वाहत्या नदीच्या काठावरसुद्धा वुजूला पाणी वाया घालवू नये, ही हुजूर (स.) यांची शिकवण लहानपणापासून ऐकलेली, पण तिचा अर्थ त्या बाटलीनं शिकवला. झाडाखाली चादर टाकली. मी पुढं, ती मागं.

मी मंद्रूपहून आलेलो, म्हणजे मुसाफिर. माझ्या चार रकात फर्ज दोन झाल्या. ती पुण्यात राहणारी, म्हणजे मुकीम. मी सलाम फेरला आणि ती उरलेल्या दोन रकात पूर्ण करायला उभी राहिली. मी तसाच बसून राहिलो. मनात आलं, मी जिथं थांबवलं तिथून पुढं ही एकटीच गेली आहे.

आता ते सांगतो. ती सातवीत होती. वर्गातल्या सगळ्या पोरांपेक्षा चांगली सायकल चालवायची, माझ्याच भाड्याच्या सायकलीवर कैची मारून शिकलेली. मी तिला जांभळ्या रंगाची लेडीज सायकल जोडून दिली होती. एक दिवस दुकानात बसलेल्या दोघा-तिघांनी विषय काढला. मुलगी मोठी झाली, आता हे बरं दिसत नाही. मी त्यांना उत्तर दिलं नाही. घरी येऊन मुलीलाही काही विचारलं नाही. आठवड्याभरात सायकल विकून टाकली. ती रडली नाही. शाळेला चालत जाऊ लागली, उन्हात, जाऊन-येऊन पाच किलोमीटर. मजहबचं नाव मी तेव्हा घेतलं होतं, पण कारण मजहब नव्हतं. हजरत आयेशा (रजि.) उंटावरून सफर करत, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. कारण एवढंच होतं की चार माणसांसमोर बोलायची माझ्यात हिंमत नव्हती.

तिनं दुआ मागून चेहऱ्यावर हात फिरवला. मी म्हणालो, "बेटा, तेरी वो सायकल मैंने बेचना नईं था."

ती बराच वेळ पाण्याकडं बघत होती. मग म्हणाली, "पैसे कितने आये थे अब्बा?"

"सातशे."

"मेरे पास पूछते तो मैं हजार देती," ती म्हणाली, आणि हसली. पण डोळे भरले होते. माझेही. डब्यातल्या ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन आम्ही उतरायला लागलो.

उतारावर तिला माझं ऐकावं लागलं. एकच ब्रेक दाबून धरायचा नाही, दोन्ही थोडे थोडे, सोडून सोडून. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणावर नाही. आपल्यापैकी कोणी या बाजूला जाणार असेल तर एवढं लक्षात ठेवावं. सुट्टीचा दिवस टाळा. पंप, पंक्चरचं सामान आणि पुरेसं पाणी घ्या, कारण खानापूरच्या पुढं सायकलचं दुकान मला दिसलं नाही. पावसाळ्यात रस्त्यावर शेवाळ असतं, जपून. आणि धरणाच्या पाण्यात उतरू नका, काठ फसवा असतो. आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणा. गुडघे दुखत असतील तर पानशेतपर्यंत जाऊन फिरा, तेवढंही पुष्कळ आहे.

मंद्रूपला परत आल्यावर दुकानाच्या माळ्यावरून एक जुनी लेडीज फ्रेम काढली. रिमा नव्या टाकल्या, रंग दिला. धाकट्या भावाची मुलगी सहावीत आहे, तिच्यासाठी. जांभळाच रंग दिला. दुकानात बसलेल्यांपैकी एकानं विचारलं, "कुणाची?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मुलगी मोठी होतेय आता."

"हो," मी म्हणालो, "म्हणून सीट थोडी वर ठेवलीय."

सध्या सकाळी औजच्या रस्त्यावर आम्ही दोघं असतो. ती पुढं, मी मागं. अल्हम्दुलिल्लाह, शुगरही उतरली आहे.