आईला लिहिलेल्या पत्रांतले देवास

परदेशप्रवासाची वर्णने आपण आवडीने वाचतो. तिकडचे लोक काय खातात, कसे बोलतात, सण कसे करतात, हे जाणण्याची हौस मराठी वाचकास फार. परंतु आपलेच घर कोणा परदेशी प्रवाशाच्या कुतूहलाचा विषय झाले, तर ते कसे दिसते? देवासला गेलो की हा प्रश्न आम्हांस हटकून आठवतो.

पहिल्या बाजीरावांच्या काळी तुकोजी व जिवाजी हे पवार बंधू माळव्यात आले आणि पुढे ह्या एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदली. दोन गाद्या, दोन दरबार, दोन राजवाडे. आणि वर टेकडीवर तुळजाभवानी व चामुंडा. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव ह्यांच्याकडे ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज लेखक १९१२ च्या नाताळात प्रथम पाहुणे म्हणून आले, आणि १९२१ साली काही महिने महाराजांचे खाजगी चिटणीस होऊन राहिले.

येथून त्यांनी आपल्या आईला पत्रे लिहिली. अंगावर चढवलेला दरबारी पोशाख, ताटातले पदार्थ, वाड्यातला विस्कळीत कारभार, सारे त्यांत आले. १९२१ च्या गोकुळाष्टमीतला गोंगाट आणि सजावटीचा भडकपणा त्यांना सोसवला नाही. परंतु देवापुढे देहभान विसरून नाचणारे महाराज पाहिल्यावर त्यांची थट्टा ओसरली. तोच उत्सव पुढे ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९२४) ह्या कादंबरीच्या अखेरच्या भागात अवतरला. तेथे कृष्णजन्माच्या वेळी गाणारे तुकोबांचे नाव घेतात. देहूच्या वाण्याचे नाव त्या इंग्रजी कादंबरीत शिरले, ते देवासच्या मराठी वाड्यातून! पत्रे १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ ह्या पुस्तकात प्रसिद्ध झाली.

आज टेकडीवरून पाहावे तर खाली कारखान्यांचे गाव पसरलेले दिसते. सकाळी दुकानात मिळणारे पोहे आपल्या ओळखीचे, पण वर शेव आणि सोबत जिलबी. मराठी कानांवर पडते, तीही हिंदीच्या वळणाची. ह्याच गावी १९४८ साली क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व आले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळवी लोकगीते कान देऊन ऐकली आणि त्यांतून आपल्या गायनाला नवी वाट दिली. एकाने लिहून ठेवले, दुसऱ्याने ऐकून ठेवले. म्हणून ते जगाला कळले.

पवारांच्याच दुसऱ्या गादीचे गाव धार. तेथील किल्ल्यात आनंदीबाईंच्या पोटी १७७५ साली दुसरे बाजीराव जन्मले. ते वर्ष इतिहासाने जपले. बाळंतिणीच्या खोलीतले बोलणे जपणे हे इतिहासाचे काम नव्हे. वसईकडचे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके धारला येऊन स्थायिक झाले. मुंबईच्या चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा त्यांच्या हातचा. तो लाखो लोक पाहतात. परंतु माळव्यातल्या मराठी संसाराचा पुतळा कोण घडविणार?

आमच्या मते, खरे परदेशप्रवासी आपल्या घरांतच होऊन गेले. पुण्या-साताऱ्याकडून लग्न होऊन इकडे आलेल्या मुलीला माळवा परमुलूखच होता. इथले पाणी, इथली थंडी, शेजारणीची न कळणारी बोली, हे तिनेही आईलाच लिहून कळविले असेल. तिची पत्रे छापून निघाली नाहीत, एवढाच फरक.

वाचकहो, एखाद्या जुन्या ट्रंकेच्या तळाशी मोडीतला किंवा बाळबोध अक्षरातला असा कागद असेल, तर तो रद्दीत जाऊ देऊ नका. आजीला वाचता येत असेल तर तिच्याकडून वाचून घ्या, आणि शेजारी बसून तिचे शब्द उतरवून ठेवा. पाहुण्याने आपल्याविषयी लिहिले ह्याचे आम्हांस कौतुक आहे. परंतु घरच्यांची साक्षही मागे राहिली पाहिजे.