समोरून, वरून, बाजूनं

फर्स्ट इयरला इंजिनिअरिंग ड्रॉइंगनं ज्याला रडवलं नाही, असा माणूस आपल्या कॉलेजात शोधून सापडणार नाही. मिनी ड्राफ्टर मिरवण्याचे पहिले आठ दिवस सोडले, तर उरलेला वेळ फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू, साइड व्ह्यू यातच जातो. साधा ठोकळा, पण तो समोरून कसा, वरून कसा, बाजूनं कसा, हे सगळं एकाच शीटवर काढायचं. फ्रंट व्ह्यूच्या खाली टॉप व्ह्यू आणि डावी बाजू उजवीकडे! (फर्स्ट अँगल प्रोजेक्शनचं हे लॉजिक काही जणांच्या अजून स्वप्नात येतं.)

ही पद्धत अठराव्या शतकाच्या शेवटी गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञानं बसवली. त्यानंतर शंभरेक वर्षांनी त्याच देशात दोन तरुण चित्रकारांनी असलाच उद्योग केला, फक्त तिन्ही व्ह्यू वेगवेगळे न ठेवता एकमेकांत घुसवले. एक पाब्लो पिकासो, मूळचा स्पेनचा. दुसरा जॉर्ज ब्राक, फ्रेंच. १९०८ मध्ये ब्राकनं मार्सेयजवळच्या लेस्ताक गावातली घरं रंगवली. समुद्राकाठचं गाव, उतारावर एकमेकांच्या खांद्यावर चढलेली छपरं, म्हणजे आपण रत्नदुर्गावरून खाली मिरकरवाड्याकडे बघावं तसंच काहीसं. ब्राकच्या घरांना ना दार ना खिडकी, नुसते ठोकळे. लुई व्होसेल नावाच्या समीक्षकानं 'सगळे घनच केलेत' अशा अर्थाचा शेरा मारला आणि त्यावरूनच क्यूबिझम हे नाव चिकटलं. चेष्टेतून पडलेली नावं जास्त टिकतात, हे होस्टेलवाल्यांना सांगायला नको!

हे सगळं मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. कॉन्व्हेंटच्या चित्रकलेत आमची मजल डॅफोडिल्सपर्यंत. रत्नागिरीत डॅफोडिल कुणी पाहिलंय? पण एन.एस.एस.च्या सात दिवसांच्या शिबिरात 'शाळेतल्या मुलांसाठी काहीतरी' घेण्याची जबाबदारी माझ्या गटावर आली, आणि मी ठरवलं की रांगोळी-मेंदी नको, आपण क्यूबिझम घेऊ. गटातल्या मुलांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सातवीला थर्मोडायनॅमिक्स शिकवायला निघाले आहे.

गाव खाडीकाठचं, तालुक्यातलंच. सकाळी वनराई बंधाऱ्यासाठी पोत्यांत माती भरायची, दुपारी हायस्कूलमध्ये सातवीचा वर्ग. सोबत चित्रांचे झेरॉक्स होते, काळेपांढरे. त्याचा तोटा फार झाला नाही, कारण १९१०-११ च्या सुमाराची पिकासो-ब्राकची चित्रं मुळातच तपकिरी आणि करड्या रंगांत आहेत. वस्तू फोडून बघायची होती म्हणून रंग त्यांनी बाजूलाच ठेवले.

पहिल्या दिवशी टेबलावर एक तांब्या ठेवला. चार बाजूंना चार गट, आणि पाचवा बाकावर उभा राहून वरून बघणारा. प्रत्येकानं आपल्याला दिसतो तो तांब्या जुन्या वर्तमानपत्रावर काढायचा, कापायचा आणि मग सगळ्यांचे तुकडे एकाच कागदावर डकवायचे. डिंक परवडला नसता, म्हणून शिबिराच्या स्वयंपाकघरातून मैदा आणून खळ केली. वरून बघणाऱ्यांचं गोल तोंड मध्यभागी आलं, त्याला बाजूवाल्यांची अर्धी मान, शेजारी दुसऱ्याच उंचीचं पोट. मागच्या बाकावरून आवाज आला, "ताई, ह्यो तांब्या फुटलाय काय?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण मग विचारलं, "ह्यात खोटं काय आहे ते दाखवा." बराच वेळ कुणाला दाखवता येईना. प्रत्येक तुकडा कुणीतरी डोळ्यांनी बघूनच काढला होता ना!

दुसऱ्या दिवशी मी त्यांना १९१२ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी पिकासोनं एका स्थिरचित्रात वेताच्या खुर्चीची वीण रंगवत न बसता, तशी वीण छापलेला मेणकापडाचा तुकडाच चिकटवला आणि चित्राला चौकट म्हणून चक्क दोर लावला. ब्राक त्याच्या एक पाऊल पुढे. तो घरं रंगवणाऱ्यांच्या कुटुंबातला, लाकडाच्या रेषा हुबेहूब रंगवण्याचं काम वडिलांच्या धंद्यात शिकलेला. तरी त्यानं लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद दुकानातून आणला आणि कापून चित्रात लावला. कोलाज हा शब्दच मुळी 'चिकटवणं' या फ्रेंच शब्दावरून आलाय. मेणकापड आणि दोर ऐकल्यावर वर्गाचे डोळे चमकले, कारण या दोन्ही गोष्टी प्रत्येकाच्या घरी! तिसऱ्या दिवशी जाळ्याचे तुकडे, आंब्याच्या पेटीवरची लेबलं, लग्नपत्रिका, फाटकी कॅलेंडरं असा ढीग जमला. वासही जमला. जाळी कुणी नीट धुतलीच नव्हती.

शाळेचे चित्रकलेचे सर दारात उभे राहून हे बघत होते. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षी ही मुलं एलिमेंटरीला बसणार. तिथं तांब्या असा काढला तर पेपर तपासणारा काय म्हणेल?" सरांचा मुद्दा खोटा नव्हता. परीक्षेत प्रमाण, छायाप्रकाश, वस्तूची ठेवण यांनाच गुण. आणि पुढे इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला जादा गुण मिळतात, ते या मुलांना हवेच आहेत. मी सांगितलं की आपल्या मुंबईच्या जहांगीर सबावालांनीही आधी जे.जे.मध्ये रीतसर ड्रॉइंग गिरवलं आणि मग पॅरिसला आंद्रे लोतकडे क्यूबिझमचे धडे घेतले. सर म्हणाले, "म्हणजे आधी गिरवलंच ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मला अजूनही वाटतं की सातवीतल्या मुलाला 'तुझा हात चांगला नाही' हे सांगायची इतकी घाई कशाला? कात्री आणि खळ यांना हात चांगला असावा लागत नाही. वर्गात 'मला चित्र येत नाही' म्हणून वही झाकून बसणारी निदान सात-आठ मुलं होती, आणि त्या तीन दिवसांत ती सगळ्यात जास्त गोंगाट करत होती.

शेवटच्या दुपारी विषय दिला : आपलं घर, पण सगळ्या बाजूंनी. बहुतेकांनी जांभ्याची भिंत लाल पत्रिकांमधून कापली, कौलांसाठी कॅलेंडरचे तारखांचे चौकोन लावले. एकानं दोराची चौकट करून होडी आणि घर एकत्रच चिकटवलं. ठीक आहे, त्याचे वडील बहुतेक होडीवरच असतात.

एक मुलगी मात्र कागद समोर ठेवून नुसती बसली होती. विचारलं तर म्हणाली, "आमचं अर्धंच घर आमचं हाय." दोन वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या, ओटीच्या मधोमध भिंत आली. पलीकडे काकांचं बिऱ्हाड, बोलणं बंद. विहीर तिकडे गेली, तुळस इकडे राहिली. भिंतीपलीकडे तिला जायला मनाई. कोकणात राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही, आपल्यातल्या कितीतरी जणांच्या गावच्या घरात अशी एक भिंत असते.

मी तिला इंजिनिअरिंग ड्रॉइंगमधली एकच गोष्ट सांगितली. जी कड समोरून दिसत नाही पण आत आहे, ती आम्ही तुटक रेषेनं दाखवतो, सोडून देत नाही.

मग ती कामाला लागली. आपली बाजू भराभर झाली. भिंतीसाठी तिनं वर्तमानपत्राची उभी पट्टी फाडली, कापली नाही. पलीकडची बाजू आठवून आठवून करत होती : विहीर वरून बघितल्यासारखी गोल, मागची पडवी बाजूनं, आणि एक निळी खिडकी समोरून. तिच्या मागच्या बाकावर बसलेला मुलगा बराच वेळ मान उंचावून बघत होता. तो तिचा चुलतभाऊ, हे मला वर्गातल्या इतरांनी कानात सांगितलं. शेवटी त्याला राहवलं नाही.

"खिडकी निळी नाय आता. हिरवी केलीव गणपतीत."

ती वळलीसुद्धा नाही. ढिगातून आंब्याच्या लेबलावरचा हिरवा तुकडा शोधला, खळ लावली आणि निळ्या खिडकीवर थोडा तिरका चिकटवला. खालची निळी कड दिसत राहिली. मग कात्री तशीच मागे धरून म्हणाली, "पडवीतला झोपाळा हाय काय अजून?"

तो बाक ओलांडून पुढे आला.