जागेचा नकाशा

घर भरत आलें म्हणजे तें डोळ्यांना दिसतें. माळ्यावरच्या ट्रंका खालीं उतरतात, पुस्तकें खुर्च्यांवर चढतात आणि आमच्या सौभाग्यवतींचा स्वरही चढतो. संगणकाचें तसें नाहीं. तो वर्षानुवर्षें हंसतमुखानें सर्व कांहीं पोटांत घेतो आणि एके दिवशीं, आम्ही परीक्षेची प्रश्नपत्रिका जपून ठेवावयास गेलों असतां, 'जागा शिल्लक नाहीं' एवढेंच सांगून मोकळा होतो. सावनेरच्या ऐन उन्हाळ्यांतील तो रविवार होता.

चिरंजीवांनीं पुण्याहून फोनवर उपाय सुचविला. "बाबा, आधी डिस्कचा नकाशा काढा, मग काय पुसायचं ते पुसा." त्यांनीं सांगितलेला प्रोग्रॅम चालवितांच पडद्यावर रंगीबेरंगी चौकोनांची गोधडी पसरली. एकेक चौकोन म्हणजे एकेक फाईल. फाईल जितकी मोठी, तितकें चौकोनाचें क्षेत्रफळ मोठें.

या युक्तीचा जन्मही आमच्यासारख्याच अडचणींतून झाला, हें वाचून आम्हांस थोडें समाधान वाटलें. १९९० सालीं अमेरिकेंतील मेरिलंड विद्यापीठांत बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेंत चौदा जण मिळून ८० मेगाबाइटची एकच डिस्क वापरीत. ती भरली तेव्हां जागा कोणीं अडविली हें कळेना. विल्यम प्लेफेअरनें १८०१ सालीं छापलेल्या वर्तुळाकृति आलेखांत पांचदहा वांटे शोभतात. हजारों फायलींचे वांटे केले तर केसाएवढ्या फांकी व्हावयाच्या. श्नायडरमन यांनीं एक आयत घेतला, तो उभा चिरला, प्रत्येक तुकडा आडवा चिरला, पुन्हां उभा, आणि अशा रीतीनें फोल्डरांतले फोल्डर एका पडद्यांत मावविले. भाऊहिश्श्यांत शेताच्या पट्ट्या पडत जातात, तशीच ही वांटणी. फरक इतकाच कीं येथें कोणी कोर्टांत जात नाहीं.

आम्ही उत्सुकतेनें आपला वांटा शोधूं लागलों. अर्धा पडदा कन्येच्या लग्नाच्या चित्रफितीनें व्यापिला होता, कारण ती तीन ठिकाणीं तीनदां ठेवलेली होती. उरलेल्यांतला बराच भाग सुप्रभातींचीं फुलें आणि दिवाळीच्या शुभेच्छा यांनीं बळकाविला होता. आमचें तीस वर्षांचें लेखन मात्र कोठें दिसेना. चष्मा पुसून पाहिलें, तेव्हां कोपऱ्यांत एक रेघ आढळली.

अभिमान दुखावला खरा. परंतु सावनेरकरास सांत्वन जवळच असतें. राम गणेश गडकरी याच गांवीं २३ जानेवारी १९१९ रोजीं निवर्तले. संगणकांत देवनागरीच्या एका चिन्हास सामान्यतः तीन बाइट लागतात. त्या हिशेबानें त्यांचीं सारीं नाटकें, कविता आणि विनोदी लेख उतरून घेतले, तरी त्या चित्रफितीच्या शतांशाइतकीही जागा भरावयाची नाहीं. 'एकच प्याला'चा चौकोन शोधावयासही चष्मा पुसावाच लागेल!

मग आम्हीं पुसावयास आरंभ केला, आणि पुसतां पुसतां हात सैल सुटला. एका इवल्याशा चौकोनाचें नांव म्हणजे नुसते आंकडे होते. पुसण्यापूर्वीं तो सहज उघडला, आणि खोलींत आमच्या आईचा आवाज आला: "पाणी सोडलं का रे संत्र्याले? अन् जेवला का तू?"

अवघे आठ सेकंद. तिला जाऊन सहा वर्षें झालीं. फोनवरचा हा निरोप संगणकांत केव्हां येऊन पडला, हें आम्हांस ठाऊकही नव्हतें.

नकाशा खोटा नव्हता. जागा मोजण्याचें काम त्यानें चोख बजाविलें होतें. गटाच्या नकाशावरून शेताचें क्षेत्र कळतें, विहिरीचें पाणी गोड कीं खारें हें कळत नाहीं. त्याबद्दल कोणी नकाशास दोष देत नाहीं. क्षेत्रफळावरून किंमत ठरवावयास निघालों होतों ते आम्ही.

लग्नाच्या दोन प्रती पुसून आम्हीं प्रश्नपत्रिका ठेवली आणि आईचा आवाज तीन ठिकाणीं उतरून घेतला. नकाशा पुन्हां काढून पाहिला. डिस्कवर ऐसपैस जागा झाली होती, आणि त्या आवाजाच्या तीन प्रतींचा मागमूसही दिसत नव्हता. सौभाग्यवतींना बोलावून तो ऐकविला. त्या कांहीं वेळ उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "दोन वाजले. चला जेवायला."

खरेंच, आम्ही अजून जेवलों नव्हतों.