गाणं संपल्यावरचा हिशेब

आमच्या आजोबांनी 'संयुक्त मानापमान' प्रत्यक्ष पाहिलं होतं की नाही, याबद्दल घरात दोन मतं होती. ते मात्र पहिल्या रांगेत बसून पाहिल्यासारखं सांगत. ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर. एरवी एकमेकींच्या वरचढ ठरायला धडपडणाऱ्या गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आल्या. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. पुढे तीनच महिन्यांत केशवराव ऐन उमेदीत गेले, त्यामुळे त्या रात्रीला दंतकथेचं तेज चढलं. आजोबांचा सगळा जीव कोणत्या पदात कोण कोणाला भारी पडलं, यात अडकलेला. "पण फंडाचं काय झालं?" असं मी विचारलं की ते हात झटकायचे. "फंडाचं फंडवाले बघतील. तू गाणं ऐक."

वडिलांची आवडती मैफल वेगळी. १९५४ साली दादरा-नगरहवेलीच्या मुक्तीसाठी पैसा उभा करायला सुधीर फडक्यांनी पुण्यात हिराबागेच्या मैदानावर लताबाईंचा कार्यक्रम ठरवला. त्या गायल्या, पैसे जमले आणि त्याच वर्षीच्या २ ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. फडके स्वतः त्या लढ्यात उतरले होते. वडील म्हणायचे, "गाण्याच्या तिकिटावर देशाचा नकाशा बदलला." हे जरा वाढवून सांगणं होतं, पण ऐकताना अंगावर मूठभर मांस चढायचं.

माझ्या वाट्याला आलेलं पहिलं मदतकार्य अगदीच बेसूर होतं. १९७१च्या नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्याच जुन्या तिकिटांवर 'शरणार्थी सहायता' असं छापून ती आली. पूर्व बंगालमधून जवळजवळ एक कोटी माणसं भारतात आली होती आणि त्यांच्यासाठी देशातला प्रत्येक पत्र लिहिणारा पाच पाच पैसे देत होता. आई मामाला पत्र लिहायची आणि ते दुसरं तिकीट मला चिकटवायला द्यायची. टाळ्या नाहीत, कलावंत नाहीत. दान केल्याचंही कोणाला वाटत नसे.

त्याच शरणार्थींसाठी त्याच वर्षी १ ऑगस्टला न्यूयॉर्कला एक जंगी मैफल झाली होती, हे मला कळायला कॉलेजचे दिवस उजाडावे लागले. एका मित्राच्या काकांनी परदेशातून तीन तबकड्यांचा जाड खोका आणला होता. वर भांड्यासमोर बसलेलं हडकुळं मूल. 'द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश.' त्या मैफलीत वाजवणारे रविशंकर मूळचे बंगाली. अलीअकबर खाँसाहेबांचा तर जन्मच आता बांगलादेशात असलेल्या कोमिल्ल्याकडचा. रविशंकरांनी आपली घालमेल जॉर्ज हॅरिसनला सांगितली आणि त्याने काही आठवड्यांत मॅडिसन स्क्वेअर गार्डनला दुपारी एक आणि रात्री एक असे दोन कार्यक्रम उभे केले. बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, बिली प्रेस्टन. ऐकायला मिळून सुमारे चाळीस हजार माणसं.

पहिल्याच तबकडीवर सतार, सरोद, अल्लारखाँचा तबला आणि कमला चक्रवर्तींचा तंबोरा आहे. वाद्यं जुळवून होतात आणि सभागृह टाळ्यांनी दणाणतं. लोकांना वाटलं, झाला एक तुकडा! रविशंकर मिस्कीलपणे म्हणतात, जुळवणी एवढी आवडली असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. मग 'बांगला धून' सुरू होते. आम्ही त्या विनोदावर हसायचो आणि नंतर गप्प व्हायचो. मदतीच्या नावाखाली वाजवलेलं असं त्यात काही वाटत नाही. घरची बातमी आलेली माणसं वाजवताहेत, असं वाटतं. या प्रकारातलं माझं सर्वांत आवडतं रेकॉर्डिंग आजही तेच.

१९८५ साली 'वुई आर द वर्ल्ड'च्या कॅसेटने आम्हाला वेड लावलं. हॉलिवूडच्या एका स्टुडिओत २८ जानेवारीच्या रात्री चाळीसहून जास्त नामवंत जमले होते. अहंकार बाहेर ठेवून या, अशा अर्थाची पाटी क्विन्सी जोन्सने लावली होती. गाणं म्हणून ते काही फार थोर नाही. पण एकेका ओळीला एकेक गळा, आणि तो ओळखण्याची आमची पैज! इथिओपियातल्या दुष्काळासाठी त्याआधी निघालेल्या ब्रिटिश 'बँड एड'च्या गाण्याशी मात्र माझं कधी जमलं नाही. आज नाताळ आहे हे त्यांना ठाऊक तरी आहे का, असं त्याचं नावच विचारतं. इथिओपिया चौथ्या शतकापासूनचा ख्रिस्ती देश! पण त्याच लोकांबद्दल पुढे वाचलं आणि मत नरम झालं. धान्य बंदरात पडून होतं, आत न्यायला वाहनं नव्हती, तेव्हा त्यांनी गाण्याच्या पैशातून ट्रक घेतले. गाणं कच्चं होतं, व्यवहार पक्का निघाला.

हा फरक मला नीट उमगला तो एका वाचनालयाच्या इमारत निधीसाठी कार्यक्रम करायच्या समितीत पडल्यावर. नाट्यगृहाची अनामत, पोलिसांचा परवाना, करमणूक कराच्या माफीचा अर्ज, देणगी प्रवेशिकांची छपाई, त्यांच्या स्थळप्रती जपणं. प्रवेशिका विकून खर्च जेमतेम निघतो. खरा निधी उभा राहतो तो स्मरणिकेच्या जाहिरातींवर. मलपृष्ठ सराफाला, अर्धं पान डॉक्टरला. गायक मोठे होते, मानधन घेणार नव्हते. मध्यंतराआधी त्यांनी मला विंगेत गाठलं. "अहो, तबलजींचं पाकीट आत्ताच द्या. गाणं मी वाचनालयाला दिलंय, त्यांचा ठेका नाही दिलेला." एवढं बोलून ते रंगमंचावर गेले आणि उत्तरार्धात अप्रतिम गायले. दाद देणाऱ्यांत तबलजींचा हसरा चेहरा मला सर्वांत आधी दिसला.

तेव्हापासून न्यूयॉर्कच्या त्या मैफलीची पुढची गोष्ट मला जास्त टोचते. तिकिटांचे जवळपास अडीच लाख डॉलर युनिसेफला लगेच पोचले. पण कार्यक्रम आधीपासून युनिसेफच्या नावे ठरवलेला नसल्यामुळे करमाफी बसेना, आणि रेकॉर्ड व चित्रपटाचे लाखो डॉलर अमेरिकी करखात्याच्या घोळात वर्षानुवर्षं अडकून पडले. जगातले सर्वांत लाडके वादक होते, फक्त वेळेवर एक कारकून नव्हता. याउलट १९८३ साली विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला द्यायला क्रिकेट मंडळाकडे पैसे नव्हते, तेव्हा लताबाई दिल्लीत गायल्या आणि प्रत्येक खेळाडूच्या हाती एक लाख रुपये पडले. कोणी गायचं, कोणासाठी आणि किती, हे आधीच स्पष्ट. त्या मैफलीवर मी सुरांइतकाच त्या सरळ हिशेबासाठी खूश आहे.

असे कार्यक्रम म्हणजे श्रीमंतांनी मन हलकं करून घेण्याची सोय, असं म्हणणारे मला भेटतात. असेल. पण पाच पैशांचं ते तिकीट सक्तीचं होतं, म्हणून सगळ्यांनी लावलं. सक्ती उठली आणि ते संपलं. स्वखुशीने खिशात हात घालायला माणसाला काहीतरी निमित्त लागतं, आणि चांगल्या गाण्याहून निर्मळ निमित्त मला ठाऊक नाही. अट एकच, ते निमित्तच राहावं.

आता कोणी प्रवेशिका घेऊन दारात आलं की मी आधी विचारतो, पैसे कोणाच्या खात्यात जाणार, पावती मिळेल का, वादकांचं मानधन ठरलंय का. मुलं वैतागतात, पण उत्तरं देतात. उत्तरं नीट आली की मी दोन प्रवेशिका घेतो, आणि गाणारा खरोखर चांगला असेल तर शेजाऱ्यांच्या गळ्यातही चार मारतो.